हवेतल्या भारित कणांचं गणिती प्रतिरूप: पाच आकड्यांपासून पृथ्वीच्या विद्युतमंडलापर्यंत

निरभ्र दिवशी, ढग-पाऊस काही नसताना, जमिनीलगतच्या हवेत दर मीटर उंचीला साधारण १०० व्होल्टचा फरक असतो. हवा विद्युतरोधक आहे असं शाळेत शिकवतात; पण ती पूर्ण रोधक असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. दर चौरस मीटरमधून सुमारे २ पिकोअँपिअर (पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग) इतका बारीक प्रवाह सतत खाली झिरपत असतो आणि तो वाहून नेतात हवेतले आयन. एका घनसेंटिमीटरमध्ये काहीशे आयन, आणि त्याच जागेत रेणू मात्र अब्जांवर अब्ज.

या आयनांचं प्रतिरूप (मॉडेल) एक्सेलच्या एका पानावर बसतं. वर्गसमीकरणाचं सूत्र, बदलाचा दर म्हणजे काय याची समज आणि एककं सांभाळायची शिस्त, एवढं भांडवल पुरे. शेवटी हेच पान जमिनीपासून आयनांबरापर्यंतच्या अडीच लाख व्होल्टशी जोडायचं आहे; जमीन आणि आयनांबर यांच्यातला हा जगभरचा परिपथ म्हणजे पृथ्वीचं विद्युतमंडल. माझा भर मात्र एकाच गोष्टीवर राहील: समीकरण मांडण्याआधी प्रत्येक क्रियेला किती सेकंद लागतात ते काढा. निम्मं काम तिथेच हलकं होतं.

पायरी १: कोणते कण मोजायचे ते ठरवा

‘भारित कण’ म्हटलं की नवशिक्याच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉन येतो. जमिनीलगतच्या दाट हवेत मोकळा इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाच्या आत ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि त्याभोवती पाण्याचे काही रेणू गोळा होतात. तयार होतो तो एक नॅनोमीटरच्या आसपासचा ‘लघुआयन’. धनभारित बाजूलाही असंच झुपकं बनतं. म्हणून खालच्या वातावरणाच्या प्रतिरूपात इलेक्ट्रॉनाला वेगळी जागा द्यायची नाही. ६०-७० किलोमीटरच्या वर हवा विरळ होते, तिथे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि समीकरणंही बदलतात. तो प्रांत आज सोडून देऊ.

दुसरी जमात म्हणजे धूलिकण, धूर, मिठाचे कण, थोडक्यात एरोसोल. त्यांच्यावरही भार बसतो, पण ते लघुआयनांच्या मानाने शेकडो ते हजारो पटींनी मंद सरकतात. विद्युतप्रवाहात त्यांचा वाटा नगण्य, पण आयन गिळण्यात ते पुढे. प्रतिरूपात त्यांना ‘ग्राहक’ म्हणून घ्या, ‘वाहक’ म्हणून नको.

पायरी २: आयन जन्मतात किती?

आयनजोड्यांच्या उत्पत्तीच्या दराला ‘उ’ म्हणू. एकक, दर घनसेंटिमीटरमागे दर सेकंदाला जोड्या. जमिनीवर हा आकडा १० च्या आसपास असतो. तो तसाच उचलून वापरण्यापेक्षा स्वतः काढून बघा, कारण तुमच्या गावासाठी तो बदलावा लागणार आहे.

हवेत एक आयनजोडी तयार व्हायला सरासरी ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. मातीतून झिरपणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या एका अणूचा आणि त्याच्या अल्पायुषी वंशजांचा क्षय झाला की अल्फा कणांतून मिळून सुमारे १९.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा निघते (५.५, ६.० आणि ७.७ अशी तीन अल्फांची बेरीज). भागाकार केला तर एका साखळीमागे साडेपाच लाखांहून जास्त जोड्या. हवेत रेडॉन घनमीटरला १० बेकरेल (म्हणजे सेकंदाला १० क्षय) असेल आणि वंशज त्याच्याशी समतोलात असतील असं धरलं, तर दर घनसेंटिमीटरला सेकंदाला ५.६ जोड्या. विश्वकिरणांचे (अवकाशातून येणाऱ्या कणांचे) जमिनीजवळ दीड-दोन आणि मातीतल्या गॅमा किरणांचे उरलेले काही मिळवले की १० चा आकडा जुळतो.

विश्वकिरणांचा वाटा व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये फुग्यातून सुमारे ५,३०० मीटरवर जाऊन दाखवला आणि त्यासाठी त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. वर जाताना आयनीभवन वाढत जातं, १५ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात शिखर गाठतं आणि मग उतरतं. आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कमी ऊर्जेचे कण बाहेरच अडवतं. दक्षिण भारतात कण आत येण्याचा हा उंबरठा सुमारे १७ गिगाव्होल्टचा आहे. सौरवादळाने ‘उ’ किती हलला हे इथे शोधत बसू नका. त्यासाठी ध्रुवीय प्रदेश हवा. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर हवेतून जमिनीत येणारा प्रवाह मोजला आहे, ते उगाच नाही.

तुमच्या जागेसाठी ‘उ’ ठरवताना तीन गोष्टी पाहा. खडक कोणता: दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कमी. माती ओली की सुकी: ओली माती रेडॉन धरून ठेवते. वारा कुठून: समुद्रावरच्या हवेत रेडॉन फारच थोडा असतो, तिथे ‘उ’ २ च्या आसपास येतो. जूनमधलं अलिबाग आणि जानेवारीतल्या पहाटेचं सोलापूर यांना एकच आकडा लावणं चूक. हिवाळी पहाटे थंड हवेचा थर जमिनीला चिकटून बसतो आणि रेडॉन त्यात कोंडतो. तेव्हा ‘उ’ वाढवायला हवा.

पायरी ३: मरतात कसे, आणि समतोल

आयन संपण्याचे दोन मार्ग. धन आणि ऋण आयन भेटले की दोघेही उदासीन होतात; या पुनर्मीलनाचा गुणांक ‘म’, किंमत ०.०००००१६ घनसेंटिमीटर प्रति सेकंद. दुसरा मार्ग एरोसोलला चिकटण्याचा. गुणांक ‘च’ आणि कणसंख्या ‘क’. एका प्रकारच्या आयनांची संख्या ‘न’ धरली (धन आणि ऋण सारखेच मानून), तर

न च्या बदलाचा दर = उ − म × न × न − च × क × न

एवढंच. हे समीकरण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि अजून त्याला सुट्टी मिळालेली नाही.

‘च’ कणाच्या आकारावर ठरतो. मोठ्या कणांसाठी अंदाज: ४ × पाय (π) × आयनाचा विसरण गुणांक × कणाची त्रिज्या. विसरण गुणांक सेकंदाला ०.०३५ चौरस सेंटिमीटर घ्या. ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येला उत्तर ०.००००‌०४४ येतं. कण लहान होत गेले की हे सूत्र फुगवून सांगतं, कारण आयनाचा मुक्तपथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) कणाच्या आकाराशी तुल्य होतो. शहरी हवेसाठी मी ०.०५ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण गृहीत धरून च = ०.०००००२ घेतो. पुढचे सगळे आकडे त्यावर आहेत.

आता सेकंद मोजा. उ = १०, क = १०,००० असलेल्या मध्यम मळकट हवेत न येतो ४८१ (सूत्र पुढच्या पायरीत). आयनाचं सरासरी आयुष्य = न ÷ उ = ४८ सेकंद. हवा एकदम निर्मळ असती (क = ०) तर न = २,५०० आणि आयुष्य २५० सेकंद.

या ४८ सेकंदांतून बरंच कळतं. लघुआयनाची गतिशीलता सुमारे १.४ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद; म्हणजे १०० व्होल्ट प्रति मीटरच्या क्षेत्रात तो सेकंदाला १.४ सेंटिमीटर सरकतो आणि आयुष्यभरात जेमतेम ६७ सेंटिमीटर. म्हणून समीकरणात ‘विद्युतक्षेत्राने वाहून नेणे’ हे पद आपण घातलं नाही. जमिनीलगतचा पहिला मीटर सोडला तर ते लागत नाही. वारा मात्र सेकंदाला २ मीटर असला तरी ४८ सेकंदांत त्याला शंभर मीटर नेतो. तुमचं उपकरण जे आयन मोजतंय ते वारा येतो त्या बाजूच्या शंभर मीटरच्या टापूतले आहेत. त्या टापूत भट्टी, चूल, डांबराचा ट्रक काय आहे, हे वहीत लिहून ठेवा.

पायरी ४: सोडवा, पण योग्य सूत्राने

समतोलात डावी बाजू शून्य. वर्गसमीकरणाचं नेहमीचं उत्तर:

न = (√((चक)² + ४मउ) − चक) ÷ (२म)

कागदावर बरोबर, संगणकावर धोकादायक. धूर दाट असेल, समजा क = १० लाख, तर वर्गमूळ २.०००‌०१६ आणि त्यातून वजा करायचे २. एक्सेलमध्ये निभावतं, पण आर्डुइनोसारख्या छोट्या संगणकीय बोर्डवर साधारण सातच अंक टिकतात आणि वजाबाकीनंतर हातात दोन अंक उरतात. त्याऐवजी हेच सूत्र उलटं लिहा:

न = २उ ÷ (चक + √((चक)² + ४मउ))

यात वजाबाकीच नाही. पानाच्या एका स्तंभात ‘क’, पुढच्यात हे सूत्र घाला आणि ताडून पाहा: क = ५०० ला २,२०७; २,००० ला १,५४५; १०,००० ला ४८१; ५०,००० ला १००.

काळानुसार बदल हवा असेल तर मोह होतो तो छोट्या पावलांनी समीकरण पुढे ढकलण्याचा. साध्या ऑयलर पद्धतीत पाऊल २ ÷ (चक + २मन) या मर्यादेच्या आत लागतं. आपल्या मळकट हवेसाठी ती ९३ सेकंद. तासाची नोंद घेऊन ३,६०० सेकंदांचं पाऊल टाकलंत तर उत्तर ऋण आयनसंख्या वगैरे चमत्कार दाखवेल. आणि गरजच काय? आयुष्य मिनिटाच्या आत आहे. तासाभराच्या नोंदींसाठी प्रत्येक तासाला समतोलाचं सूत्र लावा, झालं. दिवाळीच्या संध्याकाळी फटाक्यांच्या धुराने ‘क’ पाचपट झाला, तरी आयन नव्या समतोलाला काही दहा सेकंदांत पोचतात.

याच टप्प्यावर संवेदनशीलता तपासा. मळकट हवेत ‘म’ दुप्पट केला तर ४८१ चे ४६५ होतात, काहीच बिघडत नाही. ‘क’ दुप्पट केला तर २४८. ‘उ’ दुप्पट केला तर ९३१. शहरात बसून पुनर्मीलनाच्या गुणांकाचा तिसरा दशांश शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पैसे असतील तर कणमोजणीच्या यंत्रावर खर्च करा. निर्मळ हवेत चित्र वेगळं: तिथे ‘उ’ दुप्पट झाला तरी न फक्त ४१ टक्के वाढतो.

सांगली जिल्ह्यातल्या रामानंदनगरसारख्या ग्रामीण ठिकाणी हवेतल्या आयनांची दिवसभराची आणि ऋतूनुसार मोजणी झालेली आहे. अशी नोंद हाती असेल तर प्रतिरूप आधी तिच्यावर चालवून बघा.

पायरी ५: आयनांवरून वाहकता, वाहकतेवरून क्षेत्र

वाहकता = २ × इलेक्ट्रॉनभार × गतिशीलता × न. इथे एककं मीटरमध्ये आणा, नाहीतर दहाचे घात चुकतात: न ला १०^६ ने गुणा, गतिशीलता ०.०००१४ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद. न = ४८१ ला वाहकता २.१५ × १०^−१४ सीमेन्स प्रति मीटर. प्रवाहघनता २ पिकोअँपिअर घेतली तर क्षेत्र ९३ व्होल्ट प्रति मीटर. सुरुवातीला सांगितलेला शंभरचा आकडा स्वतःच्या पानातून निघाला याचं समाधान वाटू द्या, पण थोडंच. पुढच्या पायरीत याला धक्का बसणार आहे.

चिन्हाचा घोळ आत्ताच मिटवा. निरभ्र दिवशी क्षेत्राची दिशा खाली असते, म्हणजे वरच्या दिशेचा अक्ष धन घेतला तर क्षेत्र ऋण. पण वातावरणीय विद्युतशास्त्रात ‘विभवप्रवणता’ (दर मीटर उंचीला विभव किती वाढतो) वापरतात आणि ती धन धरतात. दुसऱ्याची आकडेवारी उचलताना कोणता रिवाज आहे ते आधी पाहा.

पायरी ६: उभा स्तंभ उभारा

धुराच्या दिवशी (न = १००) वाहकता ४.४७ × १०^−१५ होते. प्रवाह २ पिकोअँपिअरच धरला तर क्षेत्र ४४७ व्होल्ट प्रति मीटर. हे उत्तर चूक आहे, आणि प्राथमिक प्रतिरूपांत ते फार वेळा दिसतं. प्रवाह कायम नसतो. जवळपास कायम असतो तो आयनांबराचा विभव, सुमारे २५० किलोव्होल्ट. प्रवाह ठरतो तो तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या सगळ्या थरांचा रोध मिळून. रोधांची एकसरी जोडणी, दहावीतलीच.

थर असे मांडा: खालचे २ किलोमीटर ५०-५० मीटरचे, त्यावर ५००-५०० मीटरचे, ३० किलोमीटरपर्यंत. प्रत्येक थराचा रोध = जाडी ÷ थराच्या मध्यावरची वाहकता. माझी गृहीतकं: खालचे ५०० मीटर मळकट, तिथून २ किलोमीटरपर्यंत वाहकता ७ × १०^−१४, त्यावर दर ६ किलोमीटरला २.७१८ पटीने वाढ. ३० किलोमीटरच्या वरचा भाग सोडल्याने एक टक्काही फरक पडत नाही.

बेरीज, ओहम-चौरस मीटरमध्ये: खालचे ५०० मीटर २.३ × १०^१६, मधले दीड किलोमीटर २.१ × १०^१६, वरचं सगळं ८.६ × १०^१६. एकूण १.३ × १०^१७. अडीच लाख व्होल्टला याने भागलं की १.९ पिकोअँपिअर, आणि जमिनीवर ८९ व्होल्ट प्रति मीटर.

आता धुराचा दिवस. खालच्या ५०० मीटरचा रोध ११.२ × १०^१६, एकूण २.२ × १०^१७. प्रवाह घसरून १.१४ पिकोअँपिअर, क्षेत्र २५५ व्होल्ट प्रति मीटर. ४४७ नाही. चांगल्या दिवशी खालच्या ५०० मीटरकडे एकूण रोधाचा १८ टक्के वाटा होता, धुरात तो निम्म्यावर गेला. धुराचा थर जितका पातळ तितकं उत्तर ४४७ च्या जवळ जाईल. जाड होत गेला की प्रवाह आणखी पडेल. म्हणजे उ, म, च, क आणि गतिशीलता या पाचांनंतर थराची उंची हा प्रतिरूपातला सहावा आकडा आहे आणि तो जमिनीवर बसून मोजता येत नाही. हवामानाच्या फुग्यांच्या नोंदींवरून मिश्रणथराची (जमिनीलगतची हवा घुसळली जाते त्या थराची) उंची घ्या.

पायरी ७: गृहीतक स्वतःच्या पानावर तपासा

आपण धन आणि ऋण आयन सारखे मानले. पण क्षेत्र उंचीनुसार बदलतं याचाच अर्थ हवेत निव्वळ भार आहे. किती? चांगल्या दिवशी मळकट थरात क्षेत्र ८९, वरच्या स्वच्छ थरात २७. हा बदल १०० मीटरच्या पट्ट्यात झाला असं धरा. निव्वळ भारघनता = निर्वात विद्युतपारगम्यता (८.८५ × १०^−१२) × ६२ ÷ १०० = ५.५ × १०^−१२ कूलॉम प्रति घनमीटर. म्हणजे घनसेंटिमीटरला ३४ भार. ४८१ च्या समोर ३४ म्हणजे सात टक्के, चालण्यासारखं. तेच ३०० भार आले असते तर गृहीतक मोडलं असतं आणि दोन समीकरणं लिहावी लागली असती.

पायरी ८: जगाशी ताळा

वाहकता २.१५ × १०^−१४ असताना हवेतला भार विरायला लागणारा काळ ८.८५ × १०^−१२ भागिले ती वाहकता, म्हणजे साधारण सात मिनिटं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर साडेचार लाख कूलॉम भार आणि जगभरचा प्रवाह हजार अँपिअर, हा भागाकारही सात मिनिटांच्या आसपासच येतो. कुणी भरत राहिलं नाही तर सगळं तासाभरात संपेल. भरण्याचं काम जगभरातली गडगडाटी वादळं आणि विद्युतभारित पावसाचे ढग करतात, ही कल्पना सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या सुमारास मांडली. ‘कार्नेगी’ या अमेरिकन संशोधन जहाजाने महासागरांवर, धुरापासून दूर, क्षेत्राचा दिवसभराचा चढउतार टिपला: कमाल जागतिक वेळेनुसार १९ वाजता, किमान ३ च्या सुमारास, सरासरीच्या १५ ते २० टक्के वर-खाली. पृथ्वीवर कुठेही असा, वेळ हीच. (हे जहाज १९२९ मध्ये सामोआत स्फोट होऊन जळालं.)

भारतीय वेळेत ही कमाल रात्री साडेबाराला आणि किमान सकाळी साडेआठला येते. तुमच्या आलेखात क्षेत्र सकाळी साडेआठ-नऊला चढत असेल तर ते जगाचं विद्युतमंडल नाही, तुमच्या रस्त्यावरची रहदारी आहे. शहरी नोंदीत जगाचा ठसा शोधायचा असेल तर आधी पायरी ६ चं प्रतिरूप चालवून स्थानिक भाग वजा करा. नोंदीही निवडून घ्या: पाऊस नको, धुकं नको (थेंब आयन गिळतात आणि क्षेत्र चढतं), खालचे ढग नकोत, धूळ उडवणारा वारा नको.

कुठे थांबायचं

वादळी ढगाखाली हे पान मिटून ठेवा. तिथे गारांच्या आणि बर्फकणांच्या टकरींतून भार वेगळे होतात, जमिनीवरच्या टोकदार वस्तूंतून आयन फवारले जातात आणि क्षेत्र हजारो व्होल्ट प्रति मीटरवर जातं. उटीच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरणांच्या प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑन कणांच्या संख्येतल्या घटीवरून ढगातला विभव काढला, तो सुमारे १.३ अब्ज व्होल्ट निघाला. भारित कणांचंच गणित, पण साधने वेगळी आणि समीकरणंही वेगळी.

निरभ्र हवेतच पुढे जायचं असेल तर धन आयन, ऋण आयन, आणि धन, ऋण व उदासीन एरोसोल अशी पाच समीकरणं मांडा. ऋण आयनांची गतिशीलता धन आयनांपेक्षा थोडी जास्त असल्याने एरोसोलवर किंचित ऋणभार साठतो, तो या मांडणीत दिसेल. इथे समीकरणांचे काळ एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण धूर दाट असेल तर होतात. अशा वेळी पायथनमधली ‘ताठर’ (काही बदल फार जलद, काही फार सावकाश अशा) समीकरणांसाठीची अंतर्निहित पद्धत निवडा. जमिनीलगतच्या पहिल्या मीटरसाठी क्षेत्राने वाहून नेण्याचं पद परत घाला आणि थर ५ सेंटिमीटरचे करा.